पल्ला आणि टप्पा : धनुर्विद्येच्या मैदानाची आखणी व तिची परिभाषा

एखाद्या क्रीडेसाठी जागा आखणे हे काम स्थापत्याचे समजले जाते, आणि बहुतांशी ते तसे आहेही. परंतु ज्या क्रीडेत हातून सुटलेली वस्तू परत बोलावता येत नाही, तिच्या जागेची आखणी मोजपट्टीइतकीच शब्दांवरही अवलंबून असते. धनुर्विद्या ही अशी क्रीडा होय. इंग्रजीतील ‘रेंज’ हा शब्द या क्रीडेच्या संदर्भात निदान तीन अर्थांनी येतो : ज्या जागेवर बाण सोडतात ती जागा, धनुर्धरापासून लक्ष्यापर्यंतचे अंतर, आणि बाण अधिकात अधिक जेथवर पोचू शकेल तेथवरचे अंतर. मराठीला या बाबतीत परभाषेकडे पाहण्याचे कारण नाही. मैदान, पल्ला आणि टप्पा असे तीन शब्द तिच्यापाशी आधीच आहेत. अडचण आहे ती त्यांच्या शिथिल वापराची. ‘तोफेचा पल्ला’ म्हणताना आपण पल्ला हा शब्द तिसऱ्या अर्थाने वापरतो, आणि लांबच्या प्रवासाला ‘लांबचा पल्ला’ म्हणताना दुसऱ्या अर्थाच्या जवळ जातो. उलट ‘सावज टप्प्यात आले’ या प्रयोगात टप्पा म्हणजे शस्त्राची पोच, हे निःसंदिग्ध असते. प्रस्तुत विवेचनात पल्ला म्हणजे नेम धरण्याच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंतचे ठरविलेले अंतर, आणि टप्पा म्हणजे बाणाची संभाव्य पोच, असा भेद कटाक्षाने पाळला आहे. हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. मैदान पल्ल्यावरून आखावयाचे की टप्प्यावरून, या प्रश्नाच्या उत्तरावर मैदानाच्या पलीकडून जाणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

हा प्रश्न वसई-विरारच्या संदर्भात विचारण्यास सबळ कारण आहे. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या जिल्ह्याच्या डोंगरी भागात तिरकमठा हे शिकारीचे जुने साधन आहे, तर किनाऱ्यालगतच्या या शहरी भागात मोकळ्या जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणी ना कोणी मागितलेला असतो. दुसऱ्या बाजूने या क्रीडेविषयीचे औत्सुक्य महाराष्ट्रात वाढते आहे. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक सुवर्णपदके आदिती स्वामी व ओजस देवतळे या साताऱ्यात सराव करणाऱ्या दोन खेळाडूंनी मिळविली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र संघस्पर्धेचा समावेश झाला आहे. अशा वेळी एखाद्या शाळेने वा संस्थेने मैदानासाठी जागा मागावी, हे स्वाभाविकच होय. किती जागा, असे विचारले की पहिले उत्तर येते ते बहुधा ‘सत्तर मीटर’ असे. हे उत्तर पल्ल्याचे आहे.

प्राचीन भारतीय मापनपद्धतीत हा भेद स्पष्ट होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. धनुस् हे लांबीचे एकक होते. चार हातांचे एक धनुस्, म्हणजे आजच्या मापाने पावणेदोन ते दोन मीटर. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवती मोकळी ठेवावयाची जागा सांगताना दोन मापे विकल्पाने दिली आहेत : शंभर धनुष्ये, किंवा तीन शम्यापात. नगरासाठी याच्या तिप्पट जागा सांगितली आहे. यांतील पहिले माप साधनाच्या स्वतःच्या लांबीचे आहे. धनुष्य जमिनीवर आडवे ठेवीत जावे आणि मोजावे. दुसरे माप फेकीचे आहे. शम्या म्हणजे लाकडी खुंटी, ती फेकावी आणि जेथे पडेल तेथवर एक पात मानावा. पहिले माप कोणीही मोजले तरी तेच येते. दुसरे मात्र हाताच्या जोरावर, वाऱ्यावर आणि जमिनीच्या उतारावर अवलंबून असते. ‘धनुस्’ आणि ‘पात’ या दोन शब्दांत जे अंतर आहे तेच आपल्या पल्ला आणि टप्पा यांच्यात आहे. शंभर धनुष्यांची ती पट्टी सुमारे १८० मीटर रुंद होते. तीत धनुर्विद्येचे एक पुरते मैदान सहज सामावले असते. वसई-विरारच्या नगररचनेत असा परीहार आज शोधूनही सापडणार नाही, हा भाग निराळा.

याच भूमीशी निगडित असलेली एक कथा येथे आठवते. नालासोपाऱ्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच परिसरात मिळाले आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने परशुरामासाठी शूर्पारक देश निर्माण केल्याचे वृत्त आहे. कोकणातील लोककथा पुढे जाऊन सांगते की परशुरामाने बाण सोडला आणि बाण जेथे पडला तेथवर समुद्र मागे हटला. कथा ती कथाच. परंतु तिच्यातील मोजणीची रीत विचारात घेण्याजोगी आहे. तीत लक्ष्य नाहीच. बाण जेथवर गेला तेथवरची सगळी जागा मोकळी झाली. धनुर्विद्येच्या मैदानाचे क्षेत्र ठरविण्याचे तत्त्व याहून थोडक्यात सांगता येणे कठीण आहे.

आता प्रत्यक्ष मापांकडे वळावे. १९३१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे सध्याच्या वर्ल्ड आर्चरीच्या, नियमांप्रमाणे खुल्या मैदानावर रिकर्व्ह धनुष्यासाठी पल्ला ७० मीटर व लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो; कप्प्या बसविलेल्या कंपाउंड धनुष्यासाठी पल्ला ५० मीटर व व्यास ८० सेंटिमीटर. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंचीवर येतो. रिकर्व्हचा बाण साधारणतः सेकंदाला ५५ ते ६५ मीटर वेगाने सुटतो, कंपाउंडचा ८० ते ९० मीटर वेगाने.

एवढ्या माहितीवरून एक छोटे गणित करता येते. हवेचा विरोध सोडून द्यावा, बाण जमिनीपासून दीड मीटर उंचीवरून सुटतो असे मानावे, आणि तो दोन मीटर उंचीच्या फलकाच्या माथ्यावरून निसटून पलीकडे गेला अशी कल्पना करावी. सेकंदाला ६० मीटर वेगाचा रिकर्व्हचा बाण ७० मीटरवरील फलक ओलांडताना बराच उतरणीला लागलेला असतो. तो फलकाच्या पुढे सुमारे १८ मीटरवर जमिनीला टेकतो. सेकंदाला ९० मीटर वेगाचा कंपाउंडचा बाण मात्र ५० मीटरवरील फलक जवळजवळ आडव्या गतीने ओलांडतो आणि पुढे सुमारे ४३ मीटर जाऊन पडतो. म्हणजे ज्या धनुष्याचा पल्ला वीस मीटरने कमी, त्याच्या चुकलेल्या बाणाला मागे दुपटीहून अधिक जागा लागते. पल्ल्यावरून आखणी करणारा मनुष्य नेमका उलट निष्कर्ष काढील. कंपाउंडला लहान मैदान पुरते असे तो म्हणेल, आणि आकडे त्याच्या बाजूचे दिसतील. (अशा गणितात ज्या कोष्टकाचा आधार घ्यावा लागतो त्या कोष्टकातील ‘ज्या’ ही संज्ञाही मुळात धनुष्याच्या दोरीचेच नाव आहे. वर्तुळखंडाला चाप आणि त्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला ज्या म्हणणाऱ्या गणितज्ञांच्या डोळ्यांपुढे ताणलेले धनुष्य होते.)

जमिनीला टेकलेला बाण तेथेच थांबेल असेही नाही. लहान कोनातून कठीण जमिनीवर आदळलेला बाण घसरत किंवा उसळी घेत पुढे जातो. चेंडूच्या उसळीलाही मराठीत टप्पाच म्हणतात, हा योगायोग येथे उपयोगी पडावा. सर्वांत दूरच्या लक्ष्यरेषेच्या पलीकडे ५० मीटर जागा मोकळी असावी, हा आंतरराष्ट्रीय संकेत या दोन्ही टप्प्यांना पुरेल अशा बेताने ठरलेला दिसतो.

बाजूंच्या अंतराचा हिशोब याहून साधा आहे. नेमरेषेच्या दोन्ही टोकांपासून प्रेक्षक किमान १० मीटर दूर असावेत, आणि दूरच्या लक्ष्यरेषेपाशी हे अंतर २० मीटरपर्यंत वाढलेले असावे. धनुर्धर आपली पाळी येईपर्यंत ज्या रेषेमागे थांबतात ती प्रतीक्षारेषा नेमरेषेच्या मागे ५ मीटर, आणि प्रेक्षक तिच्याही मागे १० मीटर. समजा, सहा फलक अडीच-अडीच मीटरांवर मांडले. पल्ल्यापुरता विचार करणारा ७० मीटर लांब व १५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे साडेदहा गुंठे जागा मागेल. वरील अंतरे धरून हिशोब केला तर लांबी १३५ मीटर होते, रुंदी नेमरेषेपाशी ३५ व लक्ष्यरेषेपाशी ५५ मीटर, आणि एकूण क्षेत्र साडेत्रेसष्ट गुंठ्यांच्या घरात जाते. फरक सहापटीचा आहे. या सहा भागांतील पाच भागांवर खेळ होत नसतो, आणि म्हणूनच ते वाया गेलेले दिसतात. जमिनीच्या मागणीचा अर्ज तपासणाऱ्याला ते वाया गेलेले न दिसावेत, तर अर्जात पल्ला आणि टप्पा हे दोन आकडे वेगवेगळे लिहिले गेले पाहिजेत.

या जागेचा आकारही आयताचा नाही. नेम धरणाऱ्याच्या बाजूला ती अरुंद आणि दूरच्या टोकाला रुंद होत जाते; कारण सुटतानाचा लहानसा कोनीय दोष अंतराबरोबर वाढत जातो. धान्य पाखडण्याच्या सुपाचा आकार असाच असतो. शूर्पारक या नावाचा संबंध काही जण शूर्प म्हणजे सूप या शब्दाशी जोडतात. ती व्युत्पत्ती निर्णायक मानता येत नाही, परंतु आकृती ध्यानात ठेवण्यास सूप हा दाखला पुरेसा आहे.

फुटबॉलच्या मैदानावर धनुर्विद्येची सोय करावी, अशी सूचना साहजिकच पुढे येते. १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद मैदानाचे क्षेत्र सत्तर गुंठे भरते, म्हणजे क्षेत्रफळात ते वरील गरजेपेक्षा अधिकच आहे. पण मागचे पंधरा मीटर सोडून ७० मीटरचा पल्ला मांडला की लक्ष्यापलीकडे अवघे २० मीटर उरतात, आणि ५० मीटरचा पल्ला मांडला तर ४०. पहिल्या स्थितीत गणिताने आलेले १८ मीटर कसेबसे बसतात व घसरणीला जागा राहत नाही. दुसऱ्या स्थितीत ४३ मीटर बसतच नाहीत. क्षेत्रफळ पुरले म्हणून टप्पा पुरला असे होत नाही. अशा मैदानावर मागे भक्कम अडथळा उभारल्याशिवाय बाण सोडू देणे योग्य ठरणार नाही.

जागेच्या या ओढाताणीचे एक प्रसिद्ध उदाहरण इस्तंबूलचे आहे. तेथील ओकमेयदानी या भागाच्या नावात ‘ओक’ म्हणजे बाण आणि ‘मेयदान’ म्हणजे आपलाच मैदान हा शब्द. १४५३ साली शहर जिंकल्यानंतर दुसऱ्या मेहमदने ही विस्तीर्ण जागा धनुर्धरांसाठी राखली. दूरवर बाण टाकण्याच्या स्पर्धा तेथे होत, आणि विक्रमी बाण जेथे पडत तेथे दगड उभे केले जात. या पोचेला तुर्कीत ‘मेंझिल’ म्हणत. मूळ अरबी मंझिल. तोच शब्द फारसीच्या द्वारे मराठीत येऊन एका बाजूला ‘मजल’ झाला आणि दुसऱ्या बाजूला ‘मजला’. ओकमेयदानी आज दाट वस्तीचा भाग आहे. काही दगड अजून उभे आहेत, पण त्यांच्यामधल्या जागेवर मजले चढलेले आहेत. शब्दाच्या एका अर्थाने दुसऱ्याची जागा घेतली, असे विनोदाने म्हणता येईल. वसई-विरारच्या संदर्भात हा विनोद थोडा बोचणारा आहे.

लक्ष्यामागच्या अडथळ्याविषयी नियमांत एक अट आहे : झुडपांची रांग किंवा बाण आरपार जाईल असे कुंपण यांना अडथळा मानू नये, मातीचा बांध, योग्य जाळे किंवा तत्सम काही असेल तरच ५० मीटरचे अंतर कमी करता येते, आणि त्याची उंची फलकाच्या माथ्यावरून निसटलेला बाण अडेल इतकी असावी. येथे मराठीतील दोन शब्दांचा विवेक उपयोगी आहे. आडोसा दृष्टीला अडवितो. बांध वस्तूला अडवितो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून केळीची, नारळीची, फुलझाडांची दाट हिरवळ असते, आणि तिच्या कडेला मैदान आखले तर मागे नैसर्गिक भिंत मिळाली असा भास होतो. ती भिंत नव्हे, आडोसा आहे. केळीचे पान बाणाला अडवीत नाही. शिवाय आडोशामुळे धोका वाढतो, कारण त्यामागून वाडीतल्या वाटेने चालणारा माणूस धनुर्धराला दिसत नाही, आणि त्या माणसालाही मैदानावर काय चालले आहे ते कळत नाही. उघडा माळ यापेक्षा बरा. तेथे निदान दोघे एकमेकांना पाहतात.

बांध घालावयाचा तर तो दगडविरहित मातीचा हवा, कारण दगडावर आपटलेला बाण परत फिरतो किंवा मोडून त्याचे तुकडे उडतात. याच कारणासाठी एखादी जुनी दगडी भिंत पाठीशी घेण्याचा मोह टाळावा. वसईच्या किल्ल्याची तटबंदी दिसावयास भव्य आहे आणि १७३९ च्या मोहिमेच्या स्मृतीमुळे तेथे शस्त्रक्रीडेचे आकर्षण वाटणेही समजण्याजोगे आहे. परंतु किल्ला हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक असून त्यातून माणसांची सतत ये-जा असते. मुळात तो वेढा तोफांनी व सुरुंगांनी लढला गेला.

खाजणाची व मिठागरांची सपाट, उघडी जमीन लांबीच्या दृष्टीने सोयीची वाटते. तेथे भरतीचे पाणी, किनारी क्षेत्राचे निर्बंध आणि मिठागरांत व खाडीत राबणारी माणसे या तिन्ही गोष्टींचा विचार आधी करावा लागेल. पावसाळ्यात तर प्रश्नच वेगळा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा भागात पाणी तुंबून रेल्वे वाहतूक बंद पडली होती. अशा पावसात मातीचा बांध खचतो, आणि उन्हाळ्यात आखलेली त्याची उंची दसऱ्यापर्यंत तीच राहत नाही. पावसाळ्यानंतर बांध नव्याने मोजल्याशिवाय मैदान सुरू करू नये, असा साधा नियम येथे आंतरराष्ट्रीय नियमांच्या जोडीला घालावा लागेल. गवताचे फलक भिजून सडतात, हे सांगावयास नकोच.

मैदानाची दिशा साधारणतः दक्षिणोत्तर ठेवून उत्तरेकडे तोंड करून बाण सोडावेत, असा उत्तर गोलार्धातील संकेत आहे. त्याने सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. वसईत या संकेताचा एक परिणाम होतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेकडचा असतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलेल्या धनुर्धराच्या डाव्या हाताचा. बाण उजवीकडे, पूर्वेला झुकतो. नियमांनी दोन्ही बाजूंना सारखे अंतर सांगितले आहे. किनाऱ्यावरील मैदानात पूर्वेची बाजू अधिक रुंद ठेवणे शहाणपणाचे ठरेल, आणि प्रेक्षकांना बसविण्याची वेळ आली तर पश्चिमेला बसवावे.

येथवर जागेचा विचार झाला. परंतु जागेला मर्यादा आहे, आणि ती कोठे संपते हे पुन्हा टप्प्यावरूनच कळते. दोरी ओढताना धनुष्य वर उचलण्याची सवय काही धनुर्धरांना असते. त्या क्षणी बोट निसटले आणि बाण दहा अंशांच्या कोनातून सुटला, तर निर्वात गणिताने रिकर्व्हचा बाण सव्वाशे मीटरांच्या पुढे आणि कंपाउंडचा पावणेतीनशे मीटरांच्या पुढे जाईल. हवेचा विरोध हा आकडा कमी करील, पण मैदानाच्या आत आणणार नाही. एवढी जागा कोणतीही नगरपालिका देऊ शकणार नाही. म्हणूनच नियम जमिनीकडून धनुर्धराकडे वळतो : दोरी अवचित सुटली असता बाण सुरक्षित जागेच्या वा अडथळ्याच्या पलीकडे जाईल अशा रीतीने धनुष्य ओढू नये. चुकलेला नेम जागेने सावरता येतो. चुकीची ओढ केवळ आज्ञेने सावरता येते. आणि आज्ञा म्हटली की भाषा आली.

मैदानावरील मान्य संकेत शिट्टीचे आहेत. दोन शिट्या झाल्या की नेमरेषेवर यावयाचे, दहा सेकंदांनी एक शिट्टी झाली की बाण सोडावयास आरंभ करावयाचा, तीन शिट्या झाल्या की बाण आणावयास जावयाचे, आणि पाच किंवा अधिक शिट्या सलग झाल्या की तत्काळ थांबावयाचे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही एक लहानशी, पूर्णतया यादृच्छिक चिन्हव्यवस्था आहे, आणि तिच्यातील गुणदोष पाहण्यासारखे आहेत. संख्येवर आधारलेल्या चिन्हांत प्रत्येक मोठे चिन्ह लहान चिन्हाने सुरू होते; ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबल्याशिवाय अर्थ कळत नाही. दोन शिट्यांपैकी पहिली ऐकू आली नाही तर उरते ती एक, आणि एकीचा अर्थ ‘सोडा’ असा आहे. हा धोका टळतो तो क्रमामुळे : दोनचा संकेत होईपर्यंत नेमरेषेवर कोणी नसतेच. म्हणजे चिन्हाचा अर्थ त्याच्या ध्वनीत जितका आहे तितकाच त्याच्या स्थानात आहे. धोक्याचा संकेत सर्वांत लांब ठेवला आहे, त्यामुळे मधल्या एकदोन शिट्या वाऱ्याने वाहून गेल्या तरी तो ओळखता येतो; आणि त्याचा आरंभ तीनांसारखा वाटला तरी दोन्हींत बाण सोडणे निषिद्धच आहे. मात्र तीनच शिट्या ऐकून कोणी पुढे चालू लागला तर? यास्तव धोक्याच्या संकेतानंतर धनुर्धराने नेमरेषेवरून मागे सरावे, पुढे कधीही जाऊ नये, हे नवशिक्याला स्वतंत्रपणे शिकवावे लागते.

शिट्टी नेहमी हाताशी असेल असे नाही. सरावाच्या वेळी तोंडी शब्दच उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये अशा वेळी ‘फास्ट’ अशी आरोळी देतात. या शब्दाचा जुना अर्थ ‘घट्ट, स्थिर’ असा आहे, आणि आरोळीत तोच टिकून राहिला आहे. ही आरोळी जशीच्या तशी उचलून विरारमध्ये वापरावी, ही कल्पनाच भयप्रद आहे. ज्या शहरातील माणूस दररोज सकाळी फास्ट गाडी पकडतो, त्याच्या कानाला ‘फास्ट’ म्हणजे घाई कर. इंग्रजीतील एक अप्रचलित अर्थ आणि मराठीत रुळलेला उसना अर्थ परस्परांच्या अगदी विरुद्ध उभे राहतात, आणि मध्ये ताणलेली दोरी असते.

मराठीतच आज्ञा द्यावयाची तर तिची रचना पाहिली पाहिजे. मराठीत निषेधार्थी आज्ञेत नकार क्रियापदानंतर येतो : ‘बाण सोडू नका’, ‘पुढे जाऊ नका’. वाऱ्याने किंवा गोंगाटाने वाक्याचा शेवट तुटला तर मागे राहते ते ‘बाण सोडू…’, ‘पुढे जाऊ…’. म्हणजे जे टाळावयाचे तेच. हिंदीत ‘मत छोड़ो’ म्हणताना नकार आधी येतो, ती सोय मराठीला या प्रयोगात नाही. ‘सोडा’ हा शब्द तर संदिग्धच. बाण सोडा आणि नाद सोडा, दोन्ही तोच. म्हणून तातडीची आज्ञा निषेधार्थी नसावी आणि ती एकाच शब्दाची असावी. ‘थांबा’ हा शब्द या कसोटीला उतरतो. त्याचा शेवटचा दीर्घ स्वर हवा तितका लांबविता येतो, तो दूरवर जातो, आणि त्यातील पहिले अक्षर हरवले तरी आरोळीचा सूर कळतो. सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी, वारली अशा बोली आणि त्यांच्या जोडीला गुजराती व हिंदी बोलणाऱ्या या भागात तो सर्वांच्या कानावरचा आहे, हेही महत्त्वाचे. आदरार्थी-अनादरार्थी भेदाचा विचार येथे करू नये. समोर विद्यार्थी असला तरी ‘थांब’ ऐवजी ‘थांबा’च म्हणावे; ‘थांब’ हा शब्द ओठ मिटून संपतो आणि आरोळी तेथेच तुटते.

खेळाडूंच्या तोंडी टार्गेट, अ‍ॅरो, शूटिंग लाईन हे शब्द रुळले आहेत, आणि वस्तूंच्या नावांपुरते त्यांत वावगे काही नाही. शरसंधानरेषा यांसारखी नावे बनवून ती सरावाच्या मैदानावर चालविण्याचा खटाटोप निष्फळ होईल. आग्रह धरावयाचा असेल तर तो फलकांच्या बाबतीत धरावा, कारण फलक खेळाडूसाठी नसतो. तो बाहेरून येणाऱ्यासाठी असतो. ‘धनुर्विद्या परिक्षेत्र : अनधिकृत प्रवेश निषिद्ध’ ही पाटी कोणाची जमीन आहे एवढेच सांगते. येथे धोका कसला, तो कोणत्या बाजूने येतो, आणि आपण कोठे उभे राहावे, या तीन गोष्टी तिच्यात नाहीत. ‘येथे बाण सुटतात. लाल निशाण वर असेपर्यंत या बांधाच्या आत येऊ नका. वाट उजवीकडून आहे’ अशी पाटी अधिक लांब आहे, पण मासळीची पाटी डोक्यावर घेऊन घाईने चाललेल्या बाईला किंवा शाळेतून परतणाऱ्या मुलाला तिच्यातून पुढचे पाऊल कळते. निषेध येथे चालतो, कारण लिहिलेले वाक्य वाऱ्याने अर्धे तुटत नाही. अशा पाट्या लक्ष्यामागच्या ५० मीटरांच्या पलीकडच्या कडेला, दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी हव्यात. मैदानाच्या दर्शनी दारावर लावलेली एकच पाटी मागून येणाऱ्याला कधीच दिसत नाही.